कावीळ, भुईआवळा आणि गुळवेल
(भिवंडी येथील परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेक रुग्णांत आपोआप बरी होते. हिपॅटायटिस 'अ' किंवा 'ई' या विषाणूमुळे यकृताला सूज येते, डोळे आणि लघवी पिवळी होतात, अन्नावरची वासना उडते. आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत, विश्रांती व हलका आहार यांपलीकडे काही न करताही, रोगी पुन्हा कामाला लागतो. गर्भारपणी मात्र 'ई' जिवावर बेततो. शेवटच्या तिमाहीत तो झालेल्या पाचांपैकी एखादी स्त्री दगावू शकते, म्हणून तिथे घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

वनस्पतींचे औषधी गुण तपासणाऱ्यासाठी हा रोग फार फसवा आहे. ज्यातून बहुतेकांना बरे व्हायचेच असते, त्यात भुईआवळ्याचा रस, एरंडाच्या कोवळ्या पानांचा रस, गळ्यातली काविळीची माळ असे सगळेच उपाय गुणकारी ठरतात. भिवंडीत ही फसगत तिहेरी आहे. गावात वैद्यांची परंपरा आहे, मोमीन विणकरांच्या मोहल्ल्यांत हकिमी आहे, आणि तालुक्याच्या पाड्यांवर वारली-कातकरी जाणत्यांचा झाडपाला आहे. तिघांकडेही बऱ्या झालेल्या रोग्यांची नावे तोंडपाठ असतात आणि ती खोटी नसतात. त्यांच्याकडे नसतो तो तुलनेचा गट, म्हणजे तोच रोग झालेले पण ते औषध न घेतलेले लोक. हा गट मिळेपर्यंत अनुभव कितीही जुना असला तरी तो पुरावा होत नाही.

हिपॅटायटिस 'ब'चे वाहक वेगळे. त्यांच्या रक्तातला विषाणू वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो, त्यामुळे औषधाची परीक्षा चोख होऊ शकते. ती मद्रासमध्ये झाली आणि १९८८ साली प्रसिद्ध झाली. संशोधक थ्यागराजन यांच्यासोबत त्या कामात बरूच ब्लूमबर्ग होते. हिपॅटायटिस 'ब'च्या शोधाबद्दल १९७६चे नोबेल मिळालेले तेच ब्लूमबर्ग. महिनाभर भुईआवळ्याची पूड घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठप्रतिजन नाहीसे झाले. नुसती निष्क्रिय पूड घेतलेल्या २३ जणांत ते फक्त एकाचे गेले. 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आले तेव्हा खळबळ उडणे साहजिक होते. पुढे थायलंडमध्ये तोच प्रयोग झाला आणि तसा गुण दिसला नाही. भुईआवळा म्हणून गोळा होणाऱ्या फायलॅन्थसच्या जाती अनेक आहेत आणि माती, हंगाम, वाळवण यांनी त्यांतले द्रव्य बदलते, हे खरे. पण ती सबब पुरेशी नाही. जे औषध एका गावी लागू पडते आणि दुसऱ्या गावी पडत नाही, त्यात नेमके काय होते हे सांगता आले पाहिजे. मद्रासच्या पुडीबाबत ते सांगता आले नाही.

याउलट सर्पगंधेची गोष्ट सरळ आहे, कारण तिथे मोजायला आकडा होता. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात तिच्या मुळातून अल्कलॉइडे वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन म्हटले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि वेड यांवरचा तिचा उपयोग प्रसिद्ध केला. मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबाच्या रुग्णांवरील निबंध १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातले रक्तदाब उतरवणारे द्रव्य, रेझर्पिन, हाती लागले आणि १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. रक्तदाबाचा पारा खाली आला की नाही हे कोणालाही पाहता येते. रेझर्पिनने काही रुग्णांना खोल उदासीनता येते हेही अशाच नोंदींतून पुढे कळले.

गुळवेलीचे काम अधिक गुंतागुंतीचे, आणि ते बरेचसे महाराष्ट्रातच झाले आहे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात रोगप्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या वनस्पतींचा शोध सुरू केला. मराठी वाचक डहाणूकरांना 'हिरवाई' आणि 'फुलवा'च्या लेखिका म्हणून ओळखतो. त्यांचा व्यवसाय मात्र औषधशास्त्राचा होता. प्राण्यांवरील प्रयोगांत गुळवेलीने जंतू गिळणाऱ्या पेशींचे बळ वाढल्याचे दिसल्यावर हा गट अवरोधक काविळीच्या रुग्णांकडे वळला. पित्तनलिका तुंबल्यामुळे होणारी ही कावीळ पाण्याच्या काविळीसारखी आपोआप ओसरत नाही. तुंबारा काढावा लागतो आणि त्या काळात अनेक रुग्ण रक्तातील जंतुसंसर्गाने दगावतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीस रुग्ण होते. सर्वांना पित्ताचा निचरा आणि प्रतिजैविके मिळाली. एका गटाला त्याखेरीज गुळवेल. गुळवेल न मिळालेल्यांपैकी निम्म्यांना असा जंतुसंसर्ग झाला, मिळालेल्यांत एकालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण ४० टक्के विरुद्ध ९२.४ टक्के. तीस हा आकडा लहान आहे, तरी असा फरक दुर्लक्षिता येत नाही. मात्र इथे गुळवेल शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके यांच्या जोडीला होती, त्यांच्या जागी नव्हती. बाजारात पोचेपर्यंत या निष्कर्षाचे 'गुळवेल यकृताला चांगली' एवढेच उरले.

गुळवेल दुसऱ्या एका मोठ्या चाचणीतही होती. पुण्याहून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली गुडघ्याच्या संधिवातावर झालेल्या बहुकेंद्री चाचणीचे निकाल २०१३ साली आले. ४४० रुग्ण, २४ आठवडे, कोण कोणते औषध घेतो हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. सुंठ, आवळा, गुळवेल आणि गुग्गुळ यांचे कल्प ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब या प्रचलित औषधांच्या तोडीस उतरले. सोबत एक अनपेक्षित नोंदही झाली: आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काहींच्या रक्तात यकृताचे एसजीपीटी हे विकर वाढले, जरी त्यांना त्रास जाणवत नव्हता. चाचणीच्या यशाची बातमी सर्वत्र गेली, ही ओळ निबंधातच राहिली. खरे तर ती पुढच्या संशोधनाची पहिली ओळ ठरायला हवी होती.

२०२० साली करोनाच्या भीतीने घरोघर गुळवेलीचे काढे उकळू लागले. साथीच्या काळात शेजारच्या शहापूर तालुक्यातील आदिवासी वनधन केंद्राला मोठ्या औषध कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची, सुमारे दीड कोटी रुपयांची मागणी आली. रानातली वेल तोडून आणणाऱ्यांच्या हाती बऱ्यापैकी पैसा पडला. २०२०च्या उत्तरार्धात मुंबईतील यकृततज्ज्ञांना गुळवेल घेत असलेले काविळीचे सहा रुग्ण आढळले. त्यांचा अहवाल २०२१ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी देशातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. यांतील अनेकांच्या यकृतात स्वतःच्याच पेशींवर चालून जाणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या खुणा होत्या. म्हणजे केईएममध्ये जो गुण उपकारक ठरला, तोच सुप्त स्वप्रतिरोधी रोग असलेल्या माणसात अपाय करत असावा. हे स्पष्टीकरण संभाव्य आहे, पण सुसंगत आहे.

आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, नसून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. आक्षेप वाजवी आहे. क्रिस्पाचे खोड गाठीगाठींचे असते, ताजी वेल समोर असली तर जाणता माणूस चुकत नाही. पण वाळवून तुकडे केल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात आणि पूड झाल्यावर रासायनिक किंवा डीएनए चाचणीखेरीज निवाडा होत नाही. मात्र हा आक्षेप घेणाऱ्याला एक कबूल करावे लागते: बाजारात चुकीची वेल गुळवेल म्हणून खपते आहे. दोष वेलीचा असो वा ओळखीचा, रोग्याचे यकृत तेवढेच बिघडते.

भिवंडीला यात दोन कामे करता येतात. पहिले काम गोदामांचे. या तालुक्यात कोकणातल्या पावसाळ्याच्या दमट हवेत साठवलेल्या वाळक्या मुळ्या-सालींना बुरशी धरते आणि काही बुरशी ॲफ्लाटॉक्सिन हे यकृताचेच विष तयार करतात. म्हणून प्रत्येक खेपेचा नमुना, तोडणीचे ठिकाण आणि महिना यांसह, वेगळा राखला पाहिजे. दुसरे काम दवाखान्यांचे. डोळे पिवळे झालेला रोगी आला की त्याने गेल्या तीन महिन्यांत कोणता काढा, चूर्ण वा पाला घेतला हे न दरडावता विचारावे, उरलेली पुडी मागून घ्यावी आणि विषाणूंच्या तपासणीच्या निकालाशेजारी त्याची नोंद करावी. ही नोंद आयुष औषधांच्या दुष्परिणाम-नोंदणी केंद्राकडे पाठवता येते. वैद्य, हकीम आणि ॲलोपॅथीचे डॉक्टर यांनी ती एकाच नमुन्यात ठेवली तर तीनचार पावसाळ्यांत तुलनेला पुरेसे रुग्ण जमतात.