पाळण्याची बारी

सातारा-सांगलीकडच्या माणसाला रांग काही नवी नाही. आपण तिला 'बारी' म्हणतो, आणि आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत अख्खी रात्र काढलेली माणसे आपल्या प्रत्येक गल्लीत सापडतील. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथ निघतो, त्या यात्रेतल्या आकाशपाळण्यापाशी मुलाला खांद्यावर घेऊन उभे राहिलेले बापही तुम्ही पाहिले असतील. कदाचित तुम्हीच त्यांतले एक असाल. तेव्हा थीम पार्क नावाच्या नव्या जत्रेला आपण काही अगदी अडाणी म्हणून जात नाही. तरीसुद्धा खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन आलेल्या मंडळींना विचारावे, तर बहुतेकांचे उत्तर एकच असते. "चांगलं हाय ओ सर सगळं, पण दिवस बारीतच गेला की!"

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. चार माणसांची तिकिटे, गाडीचे भाडे, वाटेतले खाणे असा हिशेब केला म्हणजे मध्यम स्थितीच्या कुटुंबाला ही सहल काही वर्षांतून एकदाच परवडते. धाकट्याने वर्षभर एकाच रोलर कोस्टरचा ध्यास घेतलेला असतो. आणि संध्याकाळी दार बंद होण्याच्या वेळेला कळते, की छोटेमोठे सहा खेळ झाले, पण ज्याच्यासाठी आलो तो राहिला. म्हणून आज जरा या बारीचे गणित तुमच्यापुढे मांडतो. गणित म्हटल्यावर घाबरू नका. चौथीच्या मुलाला येतो त्यापलीकडचा भागाकार त्यात नाही.

करमणुकीची अशी बांधीव उद्याने ही तशी अलीकडची गोष्ट. अमेरिकेत अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले ते १७ जुलै १९५५ रोजी. पहिल्याच दिवशी बनावट निमंत्रणपत्रिका घेऊन इतके लोक आत शिरले, की सारी व्यवस्था कोलमडली. म्हणजे ही बारी उद्यानाइतकीच जुनी! आपल्याकडे दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली निघाले, मुंबईला गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली, आणि रायगड जिल्ह्यात खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका २०१३ साली. तिथला 'नायट्रो' नावाचा रोलर कोस्टर सुमारे चाळीस मीटर उंच आहे, त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो, आणि तो माणसाला पाच वेळा उलटा करतो. पायांखाली फळी नाही, पाय मोकळे लोंबकळत असतात. आमच्या कॉलेजातली मुले तिथून आली की बाकी सगळे विसरतात. तेवढे एक सांगतात.

आता अशा कोस्टरपाशीच बारी का तुंबते, ते पाहा. जत्रेतला पाळणेवाला एकेक पेटी खाली आणतो, माणसे उतरवतो, नवी चढवतो, आणि समोरासमोरचे वजन सारखे राहील असे बघतो. पाळणा फिरतो दोन-तीन मिनिटे, पण भरायला लागतात पाच. कोस्टरचेही तसेच आहे. माणसे बसवायची, प्रत्येकाच्या खांद्यावरचा अडसर हाताने ओढून तपासायचा, खिशातल्या वस्तू काढायला लावायच्या, मग गाडी सोडायची. शिवाय रेल्वेत पुढचा टप्पा मोकळा झाल्याखेरीज मागच्या गाडीला सिग्नल मिळत नाही, तसेच या रुळांचेही टप्पे पाडलेले असतात. एका टप्प्यात एकच गाडी. ही सुरक्षिततेची अट आहे, आणि ती मोडून बारी लवकर सरकवता येत नाही, सरकवूही नये. त्यामुळे बाहेर शंभर माणसे असोत की हजार, तो खेळ तासाला ठराविकच माणसे घेणार. उलट मोठ्या प्रेक्षागृहातला पडद्यावरचा खेळ एका दमात शेकडो माणसे गिळतो. तिथे रांग लांब दिसली तरी भराभर आत जाते.

एक हिशेब मांडू. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, कोणत्याही उद्यानाचे नव्हेत. समजा, एक कोस्टर तासाला सहाशे माणसे घेतो, म्हणजे मिनिटाला दहा. दार उघडल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात त्याच्याकडे पाचशे माणसे धावली. त्यांतली तीनशे बसून गेली, दोनशे उरली. या वेळी रांगेत लागणाऱ्याला वीस मिनिटे थांबावे लागेल. पण यानंतर तासाला नऊशे माणसे येऊ लागली, तर दर तासाला तीनशेंची भर पडणार. दोन तासांनी रांगेत आठशे माणसे, आणि शेवटच्याच्या वाट्याला ऐंशी मिनिटे! पाहिलेत? जो दार उघडताच सरळ तिथे गेला, त्याला पाच-दहा मिनिटे पुरली. जो आधी फोटो काढीत बसला, चहा प्यायला, मुलांना टोप्या घेतल्या, त्याने त्याच दोन मिनिटांच्या खेळासाठी सव्वा तासाहून जास्त वेळ मोजला. खेळ तोच, तिकीट तेच.

बारीच्या या शास्त्राचा पाया डेन्मार्कच्या एर्लांग यांनी १९०९ साली घातला, तो टेलिफोनच्या कामासाठी. पुढे १९६१ साली अमेरिकेतील जॉन लिटल यांनी एक साधा नियम सिद्ध केला, तो तुम्हाला तिथे उभ्या उभ्या वापरता येईल. पुढे किती डोकी आहेत ती अंदाजाने मोजा. मिनिटाला किती आत जातात ते घड्याळ लावून पाहा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. पुढे तीनशे आहेत आणि मिनिटाला दहा जातात, तर अर्धा तास. रांगेची लांबी पाहून मात्र फसू नका. दोरखंडांनी सात वळणे घातलेली रांग आखूड भासते, आणि तीच सरळ उभी केली तर छाती दडपते.

आता पहाटेचा प्रश्न. साताऱ्याहून खोपोली दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, सांगलीहून तीनशेच्या आसपास. उद्यान उघडते सकाळी दहाच्या पुढेमागे. वेळ मोसमाप्रमाणे बदलते, म्हणून आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी. दार उघडण्याआधी अर्धा तास तिथे पोचायचे, तर सातारकराने पहाटे साडेचार-पाचला निघावे. त्यात आणखी एक फायदा आहे. खंबाटकी ओलांडून कात्रज, वारजे, वाकड हा पट्टा कचेऱ्या उघडण्याच्या आधी पार पडला, तर पाऊण तास सहज वाचतो. नऊ वाजता तिथे अडकलात, तर ती बारी उद्यानातल्या बारीपेक्षा वाईट.

सांगलीकराने काय करावे? रात्री अडीचला उठून तीनला निघावे, असे पुष्कळजण सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. उसाच्या हंगामात बैलगाड्या आणि ट्रॉल्या रात्रीच्या रस्त्यावर असतात, त्यांना मागे दिवा असतोच असे नाही. आणि मुख्य म्हणजे गाडी चालवणारा. तो रात्री अडीचला उठणार, सहा तास चाक धरणार, दिवसभर मुलांमागे उन्हात फिरणार, आणि दार बंद झाल्यावर पुन्हा तीनशे किलोमीटर! नवले पुलाच्या उताराची बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतो, हळहळतो, आणि पुढच्या महिन्यात त्याच उतारावरून अर्धवट झोपेत जातो. सांगली-मिरजेच्या मंडळींनी आदल्या संध्याकाळीच निघावे, आणि पुण्यात एखाद्या नातेवाइकाकडे किंवा लोणावळा-खोपोलीकडे साध्याशा खोलीत पाठ टेकावी. पुण्यात ज्याची मावशी किंवा आत्या नाही असे घर आपल्याकडे विरळाच! मुक्कामाचा खर्च होतो हे खरे. पण अर्धी सहल झोपेत काढण्याची किंमत त्याहून कमी नसते.

दिवस कोणता? रविवार आणि दिवाळीनंतरचा आठवडा टाळावा. मधला वार बरा. मात्र डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली मधल्या वारीच येतात. त्यांचा एक गुण असा, की पन्नास मुले मोजून, टोप्या वाटून, डबे खाऊन आत यायला त्यांना उशीर होतो. तोवर तुमचे मोठे काम उरकलेले असले पाहिजे. पावसाळ्यात गर्दी कमी असते, पण सह्याद्रीच्या पायथ्याचा तो पाऊस. विजा कडाडू लागल्या की उंचावरचे खेळ थांबवावे लागतात.

तिकीट घरीच काढून ठेवा. न्याहारी वाटेत हलकी करा. मिसळ खाऊन पाच वेळा उलटे होण्यात शहाणपण नाही, एवढेच सांगतो. बाहेरचे खाणे अशा ठिकाणी बहुधा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा भडंगाची पुडी गाडीतच संपवावी.

दार उघडले की एक गोष्ट मात्र नक्की करू नका: पळू नका. आपल्या जिल्ह्यात हे सांगावे लागू नये. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली, आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. गर्दीत एक माणूस घसरला की मागच्याला ते दिसत नाही. तो पुढे रेटतच राहतो. उद्यानाचे दार काही डोंगरवाट नव्हे, पण मूल हाताला धरून धावणारा बाप तिथेही तितकाच आंधळा होतो. नकाशा आधी पाहून ठेवलेला असेल, तर सरळ चालत जाणारा माणूस वाट चुकत धावणाऱ्याच्या आधी पोचतो.

पहिला खेळ कोणता, हे घरीच ठरलेले असावे. आणि तो ठरवताना घरातल्या सगळ्यांना विचारावे, नुसते थोरल्याला नव्हे. सगळ्यांत जास्त मागणी असलेला आणि सगळ्यांत हळू भरणारा खेळ पहिला. मग त्याच जातीचा दुसरा. पहिल्या दीड तासात असे दोन-तीन झाले, तर दिवस जिंकला म्हणायचा. ऊन चढले की अंधाऱ्या, गार खोल्यांतले खेळ आणि पडद्यावरची चित्रे. पाण्याचे खेळ दुपारी, म्हणजे कपडे अंगावरच वाळतात. जेवण साडेअकराला किंवा अडीचनंतर करावे. एक वाजता सारे उद्यान जेवणाच्या बारीत उभे असते, आणि तेवढ्या वेळात पाळण्याची बारी किंचित उतरते.

जादा पैसे भरून वेगळ्या रांगेने जाण्याची सोय मोठ्या उद्यानांत असते. डिस्नेने १९९९ साली वेळ राखून ठेवण्याची युक्ती काढली तेव्हा ती फुकट होती. २०२१ साली ती बंद करून तिच्या जागी पैशाची योजना आणली. ज्याच्या खिशाला जमते त्याने खुशाल घ्यावी. माझ्या मनाला ती रुचत नाही, कारण त्या वेगळ्या रांगेतला प्रत्येक माणूस साध्या रांगेतल्या कुणाची तरी जागा घेतो. दार उघडताना जो हजर आहे, त्याला तिची गरजही फारशी पडत नाही.

एक दुःख मात्र टाळता येण्यासारखे आहे. मोठ्या खेळांना उंचीची अट असते. तासभर उभे राहून टोकाला पोचावे, आणि तिथल्या माणसाने पट्टी लावून पोराला बाजूला काढावे, हे ज्याने पाहिले त्याला पुढचा दिवस गोड लागत नाही. घरातल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारून मुलाची उंची मोजा, उद्यानाने दिलेली अट पाहा, आणि बसायला मिळणार नसेल तर ते सहलीच्या आठवडाभर आधीच त्याला सांगा. मूल रडेल; पण घरी रडलेले मूल तिथे पोचेपर्यंत दुसरा खेळ निवडून मोकळे होते. आई आणि वडील आळीपाळीने बसले, तर धाकटा एकटा पडत नाही. दोघांना दोनदा रांग लावावी लागते का, हे तिथल्या कर्मचाऱ्याला आधी विचारून घ्यावे.

आजी-आजोबा बरोबर असले, तर त्यांच्यासाठी सावलीतली एक जागा सकाळीच हेरून ठेवा, आणि "आम्ही इतक्या वाजता इथे येतो" असे सांगून त्या वेळेला खरोखरच या. हृदयविकार असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना या जोरकस खेळांत बसण्याची मनाई असते. ती पाटी शोभेची नव्हे. आणि जो गाडी चालवणार आहे, त्याला दुपारी तासभर आजोबांशेजारी आडवे होऊ द्या. "पैसे भरलेत, झोपतोस काय?" असे त्याला कुणी म्हणू नये.

शेवटच्या तासाला लांबून आलेली मंडळी परतीला लागतात, आणि सकाळी ऐंशी मिनिटांवर गेलेली ती बारी पुन्हा पंधरावर येते. धाकटा म्हणेल, "बाबा, अजून एकदा!" सकाळपासून घड्याळाप्रमाणे चालला असाल, आणि चालवणारा ताजातवाना असेल, तर जाऊ द्या त्याला. नाहीतर रात्रीचा मुक्काम पुण्याला करा, आणि सकाळी चहा घेऊन सावकाश सांगलीला निघा.