चाळीसगावचे वकील



मी तालुका कोर्टात वकिली करते. म्हणून आज एका तालुक्याच्याच वकिलाविषयी बोलणार आहे.

हरि विनायक पाटसकर. जन्म १८९२, इंदापूरचा. शिक्षण पुण्यात फर्ग्युसनला. वकिली मात्र खानदेशात, चाळीसगावी. तिथूनच ते मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात गेले, मग घटना समितीत आणि १९५२ला जळगावातून पहिल्या लोकसभेत. पुढे मध्य प्रदेशचे राज्यपालही झाले. पण त्यांचं मोठं काम त्याआधीचं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं हिंदू कोड बिल रखडलं होतं. १९५१ला मंत्रिपद सोडताना बाबासाहेबांनी ती व्यथा स्पष्ट मांडली. नंतर त्याच बिलाचे चार वेगळे कायदे झाले. त्यांतला १९५५चा विवाह कायदा आणि १९५६चा वारसा कायदा लोकसभेतून तडीस नेला तो कायदा खात्याचे मंत्री म्हणून पाटसकरांनी.

वारसा कायद्याचं चौदावं कलम पाहा. त्याआधी नवऱ्यामागे विधवेच्या वाट्याला जमीन आली तरी ती हयातीपुरती. कसायची, खायची, पण मनाने विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. ती गेली की जमीन नवऱ्याच्या वारसांकडे परत. या कलमाने ती बाई पूर्ण मालकीण झाली. कायद्याच्या पुस्तकात चार ओळी आहेत, पण त्यांच्या जोरावर किती म्हाताऱ्या स्वतःच्या घरात ताठ मानेने राहिल्या!

कायदा अपुरा होता, हेही खरं. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशात २००५ साल उजाडलं.

आणि आज? मध्यंतरी एका बहिणीला भाऊ नोंदणी कार्यालयात घेऊन आले होते. हक्कसोडपत्र तयार होतं. मी विचारलं, "ताई, यात काय लिहिलंय?" तिचा अंगठा शाईने आधीच निळा झाला होता. ती म्हणाली, "भाऊ म्हणाला, सही लागते. माहेर तुटायला नको."

मुलींनो, तुमच्यापुढे असा कागद येईल तेव्हा आधी तो पूर्ण वाचा. हक्क सोडायचा की ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. आणि मुलांनो, बहिणीला सहीला बोलावण्याआधी तिचा हिस्सा किती, ते तिला तुम्हीच सांगा.