उघडलेली रक्तवाहिनी पुन्हा का बुजते?

(संस्थेच्या सभागृहात दिलेले भाषण, लेखरूपात)



प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. मी कला शाखेचा पदवीधर, बँकेतला एक साधा कारकून. हृदयाच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की हा विषय माझ्या घरात शिरला आणि अज्ञानामुळे त्याने आमचे घर जवळजवळ बुडवले. जे मी उशिरा शिकलो, ते आपल्यापैकी कोणाला उशिरा शिकावे लागू नये, म्हणून हे चार शब्द.

माझे थोरले बंधू इथेच खडकीत रिक्षा चालवतात. २०१६ च्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. एका खाजगी रुग्णालयात नेले. रक्तवाहिनीत अडथळा आहे, अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकावा लागेल, असे सांगण्यात आले. आपल्याकडे त्याला ‘स्प्रिंग बसवणे’ म्हणतात. वहिनींचे दागिने गेले, मी बँकेतून कर्ज उचलले. बिलात एकट्या स्प्रिंगची किंमत लाखाच्या पुढे होती. दादा घरी आले, महिन्याभरात कामाला लागले. आम्ही समजलो, आजार गेला.

आठ महिन्यांनी एका संध्याकाळी दादांनी मला बाजूला घेतले आणि हळूच म्हणाले, “अरे, जिना चढताना परत तसंच भरून येतंय. हिला सांगू नकोस.” तपासणीत कळले, की जिथे स्प्रिंग होती तिथेच वाहिनी पुन्हा अरुंद झाली होती. घरात एकच वाक्य घुमू लागले : “डॉक्टरनं फसवलं. डुप्लिकेट स्प्रिंग घातली.” मीही तेच म्हणालो, हे कबूल करतो. दादांनी तर निश्चयच केला, की एकदा फसलो, आता पुन्हा नाही. आणि रागाच्या भरात गोळ्या घेणेही बंद केले. ही चूक किती भयंकर होती, हे पुढे सांगतो.

मित्रहो, हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडते. साऱ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या स्नायूलाही स्वतःचे रक्त लागते. ते पुरवणाऱ्या वाहिन्यांची रुंदी असते जेमतेम तीन-चार मिलिमीटर. त्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षे चरबी आणि चुन्यासारखे क्षार साचतात आणि वाट अरुंद होते. ही वाट छाती न उघडता मोकळी करण्याची युक्ती आंद्रेआस ग्रुन्ट्झिग या डॉक्टरने काढली. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात घरातल्या स्वयंपाकाच्या टेबलावर तो बारीक नळीला फुगे जोडून प्रयोग करीत असे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्याने ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयवाहिनीत फुगा नेऊन फुगवला आणि वाट मोकळी केली. दहा वर्षांनी त्या रुग्णाची तपासणी झाली, तेव्हाही ती वाट मोकळीच होती. पण सगळेच इतके भाग्यवान नव्हते. नुसत्या फुग्याने उघडलेल्या वाहिन्यांपैकी तिसरा हिस्सा, काही ठिकाणी तर निम्म्या, सहा महिन्यांच्या आत पुन्हा अरुंद होत.

असे का होत असे? याची तीन कारणे आहेत. विद्यार्थ्यांनी ती नीट लक्षात घ्यावीत.

पहिले कारण लवचिकपणा. सायकलची ट्यूब ताणून सोडली, की ती मागे येते. तसेच फुगा काढताच ताणलेली भिंत काही प्रमाणात लगेच मागे येते.

दुसरे कारण आकुंचन. फुग्याने भिंतीला इजा होते आणि ती बरी होताना पुढील काही महिन्यांत ती वाहिनीच बाहेरून आक्रसते. भाजलेली कातडी बरी होताना ओढल्यासारखी होते, तसाच हा प्रकार.

या दोन्हींवर उपाय म्हणून स्टेंट आला. १९८६ साली फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी माणसाच्या हृदयवाहिनीत धातूची जाळीदार नळी प्रथम बसवली. खाणीत छत कोसळू नये म्हणून टेकू देतात, तसा हा आतून दिलेला टेकू. भिंत मागे येणे थांबले, आक्रसणे थांबले. तरीही साध्या धातूचे स्टेंट बसवलेल्या शंभर रुग्णांपैकी वीस ते तीस जणांची वाट पुन्हा अरुंद होऊ लागली. कारण तिसरे कारण शिल्लक होते. किंबहुना स्टेंटने ते वाढवले होते.

ते तिसरे कारण म्हणजे जखम भरून येणे. वाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचे एक अतिशय पातळ अस्तर असते. फुगा आणि जाळी ते अस्तर फाडतात. जखम झाली, की शरीर ती भरायला धावते. भिंतीच्या मधल्या थरातील स्नायूपेशी जाग्या होतात, आतल्या बाजूला सरकतात, एकाच्या दोन, दोनाच्या चार होतात आणि जाळीवर नवा थर चढवतात. थोडा थर हवाच, त्याशिवाय उघडी तार झाकली जाणार नाही. पण काही शरीरांत हे काम वेळेवर थांबत नाही. गवंड्याने भिंतीला गिलावा करावा आणि हात थांबवूच नये, खोलीच लहान होऊन जावी, तसे होते. म्हणजे पहिला अडथळा चरबीचा होता. हा दुसरा अडथळा मुख्यतः वणाचा आहे. दादांची स्प्रिंग डुप्लिकेट नव्हती. त्यांच्या शरीराने जखम गरजेपेक्षा जास्त भरली होती.

मग सर्वांचेच असे का होत नाही? इथे थोडे गणित पाहू. समजा, सगळीकडून अर्ध्या मिलिमीटरचा थर चढला. साडेतीन मिलिमीटरच्या वाहिनीत अडीच मिलिमीटर वाट उरते. क्षेत्रफळाने पाहिले तर निम्मी. पण अडीच मिलिमीटरच्या बारीक वाहिनीत दीडच मिलिमीटर उरते, म्हणजे क्षेत्रफळाने एकतृतीयांशाच्या थोडी वर. थर तोच, पण एकाला काही जाणवत नाही आणि दुसऱ्याला जिना चढवत नाही. म्हणून बारीक वाहिनी, लांबलचक अडथळा, आणि जाळी पूर्ण न उघडणे या गोष्टी धोक्याच्या. आणि सर्वांत मोठा साथीदार म्हणजे मधुमेह. मधुमेहात या पेशींची वाढ जास्त होते आणि वाहिन्याही पुष्कळदा बारीक व लांबवर खराब झालेल्या असतात. दादांना मधुमेह होता. स्टँडवरचा दर दोन तासांनी गोड चहा काही सुटला नव्हता.

हा प्रकार गरिबाच्याच वाट्याला येतो असे नाही. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांना नोव्हेंबर २००० मध्ये स्टेंट बसवला. मार्च २००१ मध्ये, म्हणजे चारच महिन्यांत, तीच जागा अरुंद झाल्याने त्यांना पुन्हा फुग्याचा उपचार घ्यावा लागला. जगातली उत्तम वैद्यकीय सेवा त्यांच्या दाराशी होती. आपले माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांची बायपास शस्त्रक्रिया १९९० साली झाली होती. २००९ साली पुन्हा करावी लागली. बायपासचा प्रकार वेगळा, पण धडा एकच : वाट दुरुस्त होते, आजार मात्र राहतो.

या तिसऱ्या कारणावर तोड निघाली ती मातीतून. पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावर १९६४ साली गेलेल्या पथकाने मातीचे नमुने आणले. त्या मातीतील एका जिवाणूपासून कॅनडातील प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक औषध वेगळे केले. बेटाच्या ‘रापा नुई’ या स्थानिक नावावरून त्याला रापामायसिन म्हटले गेले. पुढे कंपनीने काम थांबवले, तेव्हा सहगलांनी तो जिवाणू स्वतःच्या घरच्या फ्रीजमध्ये जपून ठेवला. हे औषध पेशींची वाढ रोखते. १९९९ साली ब्राझीलमध्ये हे औषध लावलेला स्टेंट प्रथम रुग्णाला बसवला गेला आणि पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण शंभरात साधारण पाच ते दहापर्यंत खाली आले. विद्यार्थी मित्रहो, एका माणसाच्या चिकाटीची किंमत किती असते, ते यावरून पाहा.

पण औषधी स्टेंटची एक अट असते. औषध पेशींची वाढ रोखते, म्हणून तार झाकायलाही वेळ लागतो. तोवर उघड्या तारेवर रक्ताची गुठळी बसू शकते. वाट हळूहळू अरुंद होणे वेगळे आणि गुठळी बसणे वेगळे. पहिल्यात महिनोन्‌महिने दम लागतो, इशारा मिळतो. दुसऱ्यात काही मिनिटांत वाट बंद होते आणि मोठा झटका येतो. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या या गुठळीसाठी असतात. दादा रागाने ज्या गोळ्या टाकून बसले होते, त्या याच. ते वाचले, हे आमचे नशीब, शहाणपण नव्हे.

दुसऱ्या एका डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून मला हे सारे समजावले. तो कागद मी घरी आणला, दादांपुढे ठेवला आणि म्हणालो, “दादा, तुला कोणी फसवलं नाही. तुझी जखमच जास्त भरलीय.” ते बराच वेळ कागद पाहत राहिले. मग म्हणाले, “हे आधी कोणी का नाही सांगितलं?” मित्रहो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मलाही विचारायचे सुचले नव्हते.

आणखी एक गोष्ट सुचली नव्हती, तिची मला आजही लाज वाटते. आमच्या घरात केशरी रेशनकार्ड होते. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१३ पासून सबंध महाराष्ट्रात लागू होती आणि तिच्यात अँजिओप्लास्टी होती. लोकांचे फॉर्म भरून देणारा मी, स्वतःच्या भावासाठी चौकशी केली नाही, दागिने मोडले. एप्रिल २०१७ पासून ती योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. दादांचा दुसरा उपचार त्या योजनेतील रुग्णालयात झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारच्या औषध दर प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली : साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधी स्टेंटला २९,६०० रुपये, कर वेगळा. आमचे बिल सहा महिने आधीचे होते.

आम्ही बँकेतील माणसे एक गोष्ट रोज पाहतो. थकलेले कर्जखाते एकदा नियमित करून दिले, म्हणजे कर्ज फिटले असे होत नाही. हप्ते भरले नाहीत, तर ते पुन्हा थकते. स्टेंट म्हणजे खाते नियमित करणे. साखर आटोक्यात ठेवणे, रक्तदाब सांभाळणे, विडी-तंबाखू-मिश्री सोडणे, रोज चालणे हे हप्ते. हप्ते चुकले, तर काही वर्षांनी त्या नव्या थरातही चरबी साचू शकते.

म्हणून आपणा सर्वांना चार विनंत्या. एक, स्टेंट बसल्यावर कोणत्या जातीचा बसला, हे विचारा आणि त्याचा कागद जपून ठेवा. दोन, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका; दात काढायचा असला तरी आधी विचारा. तीन, पहिल्या वर्षात चालताना, जिना चढताना जुना त्रास परत आला, तर लपवू नका. आणि मधुमेह असेल तर वेदना कमी जाणवते, म्हणून नुसता दम लागला तरी दाखवा. चार, पैसे उभे करण्याआधी योजनेची चौकशी करा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी परिचारिका होईल. त्या दिवशी केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढायला दोन मिनिटे काढा. त्या दोन मिनिटांनी माझा भाऊ परत उपचाराला गेला.

दादा आज रिक्षा चालवतात, पण फक्त दिवसा. चहा बिनसाखरेचा घेतात आणि स्टँडवर कोणाला स्प्रिंग बसली, की तो केसपेपरचा कागद त्याला दाखवतात. कागद आता घडीवर फाटला आहे.