प्रश्नात न दिलेली त्रुटी
(कनिष्ठ महाविद्यालयीन भौतिकशास्त्र अध्यापकांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)

अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांतील भौतिकशास्त्राच्या तयारीचा सर्वांगीण आढावा विषयपत्रिकेत अपेक्षिलेला आहे.

जेईई मेनच्या भौतिकशास्त्र विभागात सध्या 25 प्रश्न व 100 गुण असतात. त्यांपैकी 20 प्रश्न पर्यायी आणि 5 प्रश्न अंकी उत्तराचे असून बरोबर उत्तरास 4 गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास 1 गुण कापला जातो. महाराष्ट्राच्या सीईटीत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असल्याने प्रत्येक प्रश्नाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. मात्र तेथे चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत. आयआयटीच्या मुख्य प्रवेश परीक्षेत 2005पर्यंत उत्तरे पायऱ्यांसह लिहावी लागत. 2006पासून ती पूर्णतः वस्तुनिष्ठ झाली. यामिकीचे किती प्रश्न येतात आणि विद्युतचुंबकत्वाचे किती, याचे तक्ते प्रत्येक क्लासच्या भिंतीवर लावलेले असल्याने आढाव्याचा तो भाग येथे गाळला तरी कोणाचे नुकसान होणार नाही.

नुकसान झाले आहे ते वेगळ्याच ठिकाणी. जेईई मेनच्या अभ्यासक्रमात ‘प्रायोगिक कौशल्ये’ हा एक घटक असून व्हर्निअर कॅलिपर, स्क्रू गेज, साधा लंबक, मीटर ब्रिज, अनुनाद नळी, लोलक, झेनर डायोड अशा प्रयोगांवर त्यात प्रश्न विचारले जातात; आणि हे प्रश्न सोडवणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्यातील एकही उपकरण हातात घेतलेले नसते. हजेरी महाविद्यालयात आणि तास क्लासमध्ये, ही ‘इंटिग्रेटेड’ नावाची सोय रुळल्यापासून प्रयोगशाळेचे कुलूप वर्षातून एकदा, बाह्य परीक्षक येण्याच्या आधी, निघते, आणि जर्नल आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या जर्नलवरून, त्यातील खाडाखोडीसह, उतरवले जाते. बारावीच्या प्रात्यक्षिकाचे 30 गुण सढळ हाताने दिले जातात, कारण ते कापून कोणाचेच भले होत नाही, अशी सर्वांची समजूत आहे. 2013 ते 2016 या काळात जेईई मेनच्या गुणानुक्रमात बोर्डाच्या गुणांना 40 टक्के भार होता. त्या भारानेही प्रयोगशाळेचे दार उघडल्याचे दिसले नाही, फक्त सढळपणा वाढला.

सकाळच्या सत्रात दोन मतांची चकमक झाली. अवघड रशियन प्रश्नसंग्रह, विशेषतः इरोडोव्ह, सोडवल्याखेरीज तयारी पक्की होत नाही, असे एका बाजूचे म्हणणे होते, तर मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुरेशा आहेत, असे दुसरीचे. प्रस्तुत अध्यक्षांच्या अध्यापनकाळात घडलेला एक प्रसंग या वादात सांगण्याजोगा आहे. सराव चाचण्यांत नेहमी वरच्या क्रमांकावर असणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या हाती स्क्रू गेज, म्हणजे मिलिमीटरच्या शतांशापर्यंत जाडी मोजणारे उपकरण, देऊन तांब्याच्या तारेचा व्यास मोजण्यास सांगण्यात आले. दाब ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ न देणारी, टोकाशी असलेली रॅचेटची मूठ बाजूला ठेवून त्याने मोठे नळकांडेच फिरवले व तार चेपली. मग शून्य त्रुटी, म्हणजे दोन्ही टोके पूर्ण मिटवल्यावरही माप शून्यावर न येण्याचा दोष, किती आहे असे विचारताच तो गोंधळून उत्तरला की, सर, ती प्रश्नात दिलेली नाही. त्याने इरोडोव्हही सोडवला होता आणि जुन्या प्रश्नपत्रिकाही. दोन्ही पक्षांनी आपापल्या विजयाची नोंद करून घ्यावी.

अनुनाद नळीचा प्रयोग याहून अधिक बोलका आहे. पाण्याच्या पातळीने लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या नळीच्या तोंडाशी 512 हर्ट्झचा नादकाटा धरला की हवेच्या स्तंभाची लांबी तरंगलांबीच्या पाव भागाजवळ येताच आवाज एकदम भरून येतो. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला 340 मीटर धरल्यास हा पाव भाग 16.6 सेंटीमीटर भरतो. पण 3 सेंटीमीटर व्यासाच्या नळीत तो भरून येणारा आवाज 15.7 सेंटीमीटरच्या आसपास मिळतो, कारण प्रस्पंद, म्हणजे हवेच्या कणांचे कंपन सर्वाधिक असण्याची जागा, नळीच्या तोंडावर नसून व्यासाच्या सुमारे 0.3 पट बाहेर असते. या फरकाला अंत्य दुरुस्ती म्हणतात. केवळ पहिल्या मापावरून हिशेब केला तर वेग सुमारे 322 मीटर येतो; दुसरा अनुनाद 48.9 सेंटीमीटरला घेऊन दोन मापांची वजाबाकी केली की दुरुस्ती आपोआप उडून जाते आणि 340 हाती येतात. क्लासच्या टिपणात यातील फक्त शेवटचे सूत्र चौकटीत छापलेले असते. ज्या विद्यार्थ्याने 322 हे उत्तर स्वतः काढून, नादकाट्यावरचा आकडा पुन्हा वाचून, पाणी पुन्हा चढवून-उतरवून पाहिले आहे, त्याला ती चौकट पाठ करावी लागत नाही. आणि ज्याने ते केलेले नाही, त्याला पर्यायांत 322 दिसला की तोच बरोबर वाटतो, कारण प्रश्न काढणाऱ्याने तो त्याच्यासाठीच ठेवलेला असतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की प्रयोगांवरचे प्रश्न मोजकेच असतात, त्यासाठी आठवड्याची एक दुपार देणे परवडत नाही आणि उपकरण न पाहताही दरवर्षी असंख्य विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतात. आक्षेप खरा आहे. प्रयोगशाळेवाचून परीक्षा पार होते. तशी ती होत नसती तर हे भाषण करण्याची गरजच पडली नसती. परंतु हेच विद्यार्थी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी मल्टिमीटरची तार चुकीच्या खाचेत घालून फ्यूज उडवतात, आणि शंभर प्रश्नांत सार्थ अंक, म्हणजे मापाच्या अचूकतेने खऱ्या ठरणाऱ्या अंकांची संख्या, बिनचूक सांगणारे हात गणकयंत्राने दिलेले आठ दशांश जर्नलमध्ये जसेच्या तसे उतरवतात. एके काळी तालुक्याच्या महाविद्यालयांतून प्रयोगशाळा सहायक नावाचा एक गृहस्थ असे, ज्याला सिद्धान्त फारसे येत नसत पण कोणत्या मीटर ब्रिजची तार कुठे झिजली आहे हे अंधारातही सांगता येई. त्याच्या निवृत्तीनंतर त्याची जागा बहुतेक ठिकाणी भरली गेली नाही, आणि त्याबद्दल एकाही अधिवेशनात ठराव झाल्याचे स्मरत नाही.

पुढील कामांविषयी थोडे. ज्यात तयार आकडे न देता कच्ची वाचने, म्हणजे उपकरणावर दिसलेली मापे, दिलेली असतील अशा प्रश्नांची एक मराठी-इंग्रजी प्रश्नपेढी अध्यापकांनी मिळून तयार करावी. ती कोणी, किती काळात व कोणत्या खर्चातून करावी, हे कार्यकारिणीने ठरवावे. प्रात्यक्षिकाचे गुण खरे कसे करावेत, याविषयी बोर्डाकडे निवेदन द्यावे. त्याचा मसुदा अद्याप झालेला नाही. आणि प्रत्येक जिल्ह्याने आपल्या महाविद्यालयांतील उपकरणांची यादी करावी, तीत उपकरण शेवटचे कोणत्या विद्यार्थ्याच्या हातात होते, याचा एक रकाना ठेवावा, आणि तो रिकामा राहिला तर रिकामाच पाठवावा.