शिक्षण थांबले तरी शिकलेले वाया जाऊ नये



ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली काठी-मोलगी परिसरातली आपली माणसे होळीला गावी येतात. घरच्यांबरोबर कॉलेजातली मुलेही कामाला जातात आणि मग एखादे सत्र बुडते. पूर्वी असा मुलगा परत आला की त्याला अनेकदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. दुसऱ्या विद्यापीठात गेला, तर आधीचे शिक्षण सहसा मोजले जात नसे.

ही अडचण दूर करणारी व्यवस्था आता आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2021मध्ये श्रेयांक बँकेचे, म्हणजेच अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, नियम काढले. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार साधारण 30 तासांच्या अभ्यासाला एक श्रेयांक मिळतो. तो विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो आणि सर्वसाधारणपणे 7 वर्षे वापरता येतो. पहिल्या वर्षाचे श्रेयांक आणि ठरवून दिलेला कौशल्य-अभ्यास पूर्ण करून जो थांबतो, त्याला प्रमाणपत्र मिळते. पुढे तो परत येऊन पदवी पुरी करू शकतो.

दुसऱ्या विद्यापीठातला विषयही यात धरता येतो. आपले कॉलेज जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे, पण सीमेपलीकडे गुजरातेत राजपिपळ्याला बिरसा मुंडा आदिवासी विद्यापीठ आहे. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचे अभ्यासक्रम तर घरबसल्या, विनाशुल्क शिकता येतात; पैसे परीक्षेला पडतात. मात्र श्रेयांक बँकेच्या नियमानुसार किमान निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात.

खरी गाडी अडते ती कागदावर. विद्यार्थी आधी बाहेरचा विषय करतो आणि नंतर कॉलेजात विचारायला जातो. तेव्हा कळते की आपल्या अभ्यासक्रमात तो बसत नाही. नुसते विषयाचे नाव जुळून भागत नाही. अभ्यासघटक, पातळी आणि श्रेयांकही जुळावे लागतात. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच त्या विषयाचा पूर्ण अभ्यासक्रम प्राचार्यांपुढे ठेवा आणि मंजुरी लेखी घ्या. श्रेयांक विद्यार्थ्याला स्वतः खात्यात भरता येत नाहीत, ते संस्थेनेच भरायचे असतात. त्यामुळे निकालानंतर आपले खाते उघडून पाहा.

दुसरी अडचण नावाची. गुणपत्रिकेवर ‘वसावे’ आणि आधार कार्डावर ‘वसावा’, अशी नोंद आपल्या भागात घरोघरी सापडेल. सीमेच्या दोन्ही बाजूंना नाती असलेल्या समाजात हे व्हायचेच. पण नाव जुळले नाही की ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक अडतो आणि त्याला जोडलेले श्रेयांकाचे खातेही अडते. ही दुरुस्ती दहावी-बारावीतच करून घ्यायला हवी.

प्राध्यापक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. कोणते बाहेरचे विषय आपल्याकडे चालतील, याची यादी सत्र सुरू होण्यापूर्वी फलकावर लावा. मोलगीच्या डोंगरातून अर्जासाठी येणाऱ्या मुलाला चार वेळा परत पाठवले, तर त्याची मजुरी बुडते आणि शेवटी तो शिक्षणच सोडतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कष्टाने मिळवलेला प्रत्येक श्रेयांक तुमच्या हक्काचा आहे. आधी विचारा, लेखी घ्या आणि सत्र बुडाले तरी परत या.