वहीतली एक ओळ



मुलांच्या कर्करोग विभागात समुपदेशनाचं काम करताना एकदा एक वही माझ्या हाती आली. चौकटीची, गणिताची. पहिल्या चार पानांवर मुलानं सोडवलेल्या वजाबाक्या. पाचव्या पानापासून आईचं अक्षर: ताप किती, किती वाजता, रक्तपेशींचा काउंट किती, उलट्या किती, कुठली गोळी अर्धी, कुठली अख्खी. ही आई मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेली, सातवीपर्यंत शिकलेली. पानामागून पान मुलाचाच हिशेब. एका तारखेखाली मात्र तिनं स्वतःबद्दल एक ओळ लिहिली होती : 'आज जेवायचं राहिलं.'

आज मला त्या एका ओळीबद्दल बोलायचं आहे.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. वॉर्डातले पालक त्याला नुसतं 'ए.एल.एल.' म्हणतात. तो बरा होऊ शकतो. पण उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. स्टेरॉइड सुरू झालं की मूल रात्री दोन वाजता उठून वरणभात मागतं, आणि ताट समोर आलं की चिडून ढकलून देतं. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना साधा तापही धोक्याचा, म्हणून आईच्या उशाखाली थर्मामीटर. तिकडे बापाची रजा संपलेली, उसनवारी वाढलेली आणि धाकटी लेक आजीकडे.

त्यात नातेवाइकांचे प्रश्न. 'गरोदरपणात ग्रहण पाळलं नव्हतंस का?' 'बाहेरचं फार खायला द्यायचात का?' विचारणारा विचारून जातो, आई मात्र रात्रभर मागचे महिने उकरत बसते. म्हणून आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो आणि पुढे पुन्हा पुन्हा सांगतो, की तुमच्या हातून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. ग्रहणाचा या आजाराशी संबंध नाही आणि हा आजार स्पर्शानं पसरतही नाही.

बाप रडत नाहीत, असा आपला समज. ते जिन्यात जाऊन रडतात. वर येताना तोंड धुतात आणि गावाकडे फोन लावून म्हणतात, 'बरं आहे, काळजी करू नका.' एका वडिलांना मी विचारलं, 'आणि तुम्ही कसे आहात?' ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'मॅडम, हे मला कुणी विचारलंच नव्हतं.'

हे विचारणं म्हणजे केवळ भलेपणा नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. तापाची वेळ टिपणारे, गोळ्या मोजणारे आणि फेरीच्या दिवशी मुलाला घेऊन हजर होणारे पालकच असतात. ते मोडून पडले, तर उपचार अर्धवट सुटण्याची भीती असते. 2015 मध्ये तज्ज्ञांनी कर्करोग झालेल्या मुलांच्या मानसिक-सामाजिक देखभालीचे 15 निकष प्रसिद्ध केले. पालकांच्या मनःस्थितीची सुरुवातीपासून चौकशी व्हावी, हा त्यांतला एक. भावंडांनाही आधार मिळावा, हा दुसरा.

आधार म्हणजे नेमकं काय? कर्करोग झालेल्या मुलांच्या 430 मातांना घेऊन झालेला एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या मातांना समोरची एकेक अडचण सुटी करून सोडवायला शिकवलं गेलं. नेमकी अडचण कोणती, वाटा किती, आधी कुठली धरायची, ती जमली का. या मातांच्या मनावरचा ताण इतरांपेक्षा अधिक कमी झाला. आमच्याही टेबलावर 'सगळंच संपलं' म्हणणारी आई हळूहळू 'गुरुवारी धाकटीची परीक्षा आहे, इथे कोण थांबेल?' इथवर येते. अशा प्रश्नाला उत्तर शोधता येतं.

दुसरा आधार समदुःखी माणसांचा. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करुग्णांना आसरा देते. 2006 साली मुंबईतच सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था उपचार घेणारी मुलं आणि त्यांच्या पालकांची विनामूल्य राहण्याची सोय करते. अशा ठिकाणी शेजारच्या चुलीवरची बाई सांगते, 'केस गेले तेव्हा मीही अशीच रडले होते. आता बघा, माझ्या पोरीची वेणी येते.' आम्ही तासभर बोलून जे साधत नाही, ते या वाक्यानं साधतं.

आणि उपचार संपले की पेढे वाटले जातात, पण त्याच रात्री अनेक पालकांची झोप उडते. आता औषध नाही, मग राखण कोण करणार? ही भीती नेहमीची आहे, वेडेपणा नव्हे. ती डॉक्टरांना, समुपदेशकांना सांगा. मन फारच जड झालं, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आणि चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.

श्रोतेहो, तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेल, तर 'धीर धरा' एवढं म्हणून फोन ठेवू नका. 'काही लागलं तर सांगा' असंही म्हणू नका. ते सांगत नाहीत. म्हणा, 'शनिवारी दुपारी मी वॉर्डात बसतो, तुम्ही जेवून दोन तास झोपा.' आणि शनिवारी खरोखर जा.