बाळासाठी घर शोधायला वेळ लागतो

बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वह्या मिटल्या, की मग मनातल्या गोष्टी निघतात. अशाच गोष्टींतला एक प्रश्न आमच्याकडे सारखा येतो. "आम्हाला मूल नाही. दत्तक घ्यायचं म्हटलं तर म्हणे तीन-चार वर्षं थांबावं लागतं. आश्रमात एवढी पोरं असतात, मग देत का नाहीत?" आज त्यावरच बोलू.

दत्तक हा शब्द कोल्हापूरला नवा नाही. आपले राजर्षी शाहू महाराज दत्तकच आले. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव, जन्म २६ जून १८७४ चा. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या डिसेंबरात वारले आणि १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी यशवंतरावांना दत्तक घेतलं. तीन महिन्यांच्या आत सगळं झालं, कारण गादी रिकामी होती आणि तिला वारस हवा होता.

राजवाड्यात काय आणि आपल्या वाड्यावस्तीत काय, दत्तकाची जुनी रीत अशीच होती. घराला वारस पाहिजे, जमिनीला नाव लावायला कुणीतरी पाहिजे, म्हणून मुलगा घ्यायचा. मुलगी दत्तक घ्यायची रीतच नव्हती. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानं मुलगीही दत्तक घेता येऊ लागली आणि बाईला स्वतःच्या नावानं दत्तक घेण्याचा हक्क मिळाला.

आज आश्रमातल्या मुलांचं दत्तक बालन्याय कायद्याखाली होतं. त्यात विचार उलट्या बाजूनं सुरू होतो. आधी मूल बघायचं आणि त्याला चांगलं घर शोधायचं. वेळ का लागतो, ते इथं कळतं.

आश्रमात दिसणारं प्रत्येक मूल दत्तक देण्याजोगं नसतं. कुणाचे वडील गेलेत, आई ऊसतोडीला गेलीय. कुणाची आई आजारी आहे. त्या मुलांना आपलं माणूस आहे, ती परत घरी जाणार आहेत. मूल सापडलेलं असेल, तर त्याच्या आई-बापाचा शोध घ्यावा लागतो, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. दोन वर्षांखालच्या बाळासाठी त्याला दोन महिने धरलेत, मोठ्या मुलासाठी चार. त्यानंतर बाल कल्याण समिती ते मूल दत्तकासाठी मोकळं झाल्याचं जाहीर करते.

आणि एखाद्या आईला बाळ सांभाळणं शक्यच नसेल, तर ती समितीपुढं येऊन कायद्यानं बाळ सोपवू शकते. तिला विचार बदलायला दोन महिने मिळतात. मैत्रिणींनो, हे दोन महिने नीट समजून घ्या. ओली बाळंतीण असते, घरच्यांनी तोंड फिरवलेलं असतं, घाबरलेली असते. त्या अवस्थेत केलेली सही शेवटची धरली जात नाही. आपण ज्या बाळाची वाट बघतो, त्याच्या जन्मदात्या आईला दिलेला हा वेळ आहे.

आता आकडे. २०२४-२५ या वर्षात देशभरात ४,५१५ मुलं दत्तक गेली. नाव नोंदवून थांबलेले पालक मात्र तीस हजारांहून जास्त आहेत. दत्तकासाठी मोकळी झालेली मुलं एका वेळी तीन हजारांच्या आतच असतात आणि त्यांतली बरीच मोठी किंवा आजार, अपंगत्व असलेली असतात. बहुतेकांना हवं असतं ते दोन वर्षांखालचं, धडधाकट बाळ. म्हणून त्या रांगेत साधारण साडेतीन वर्षं जातात. मोठं मूल किंवा विशेष काळजी लागणारं मूल घ्यायची ज्यांची मनापासून तयारी असते, त्यांचा नंबर लवकर लागतो. पण नुसती रांग चुकवायची म्हणून तसा होकार देऊ नका. पेलणार असेल तरच द्या.

नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या संकेतस्थळावर होते. फोटो, पॅन कार्ड, जन्माचा आणि लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र असे कागद लागतात. नेटचं जमत नसेल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, तिथं मदत मिळते. लग्नाला दोन वर्षं पूर्ण हवीत आणि दोघांची संमती हवी. दोन वर्षांखालचं मूल हवं असेल, तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या पुढं नको. तो ४४ चा, ती ४० ची, बेरीज ८४, म्हणजे बसतं. म्हणून दवाखान्याच्या फेऱ्यांत आणि नवसांत सगळी वर्षं घालवू नका. एकटी बाई, मग ती विधवा असो, घटस्फोटित असो की बिनलग्नाची, मुलगा किंवा मुलगी दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी देत नाहीत.

नोंदणीनंतर समाजसेविका घरी येते. फरशी चकाचक आहे का, हे बघायला ती येत नाही. घरात सगळ्यांना हे पटलंय का, उद्या मूल आजारी पडलं तर कोण बघणार, सासूबाईंचं मत काय, असं विचारते. खरं तेच सांगा. तिचा अहवाल तीन वर्षं चालतो. तोवर नंबर लागला नाही, तर तो पुन्हा करून घ्यावा लागतो.

नंबर आला की मुलाचा फोटो, माहिती आणि तब्येतीचे कागद येतात. ४८ तासांत ते मूल आपल्यासाठी राखून ठेवायचं असतं. म्हणून फोन नंबर बदलू नका, बदललात तर लगेच कळवा. मग संस्थेत जाऊन मूल भेटायचं, आपल्या डॉक्टरांना कागद दाखवायचे. होकार दिला की मूल आधी संगोपनासाठी घरी येतं. शेवटचा आदेश पूर्वी कोर्ट देत असे, सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. पुढं दोन वर्षं दर सहा महिन्यांनी चौकशी होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थांबून थांबून माणूस थकतं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी येऊन कानात सांगतं, "एका दवाखान्यात बाळ आहे. दोन-तीन लाख द्या, स्टॅम्पवर लिहून घेऊ, कुणाला कळणार नाही." बायांनो, हे दत्तक नाही, ही विक्री आहे. मूल विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड आहे. दवाखान्यातलं माणूस त्यात असेल, तर सात वर्षांपर्यंत. आणि शिक्षेपेक्षा वाईट म्हणजे, दोन-तीन वर्षं छातीशी धरून वाढवलेलं लेकरू पोलीस घेऊन जातात. त्या लेकराची खरी आई कोण, तिनं दिलं की तिच्याकडून काढून घेतलं, हे स्टॅम्प पेपरवर लिहिलेलं नसतं. दत्तकाला शुल्क आहे, पण ते ठरलेलं आहे आणि त्याची पावती मिळते. पावती नसेल तिथं एक रुपया देऊ नका.

दिराचं किंवा बहिणीचं मूल घ्यायचं असेल, तर त्याची रीत वेगळी आहे, रांगही नाही. पण तेही तोंडी ठेवू नका. कागद झाला नाही, तर शाळेत, सातबाऱ्यावर, सगळीकडं उद्या त्या मुलालाच त्रास होतो.

गटातल्या बायकांनी एवढं करावं. रांगेत असलेल्या मैत्रिणीला "अजून नाही का?" असं दर बैठकीत विचारू नये. तिचं बाळ येईल, तेव्हा बाळंतिणीला करतो तसा डिंकाचा लाडू करून न्यावा. बारशाला सगळ्यांनी जावं, पाळणा म्हणावा. मुलाला तो दत्तक आहे हे लहानपणापासून त्याच्या आईनंच गोष्टीसारखं सांगावं. गावानं ते टोमण्यातून सांगू नये.

आणि गावात एखादी पोर अडचणीत असेल, बाळ नको म्हणत असेल, तर तिला एकटं सोडू नका. उकिरड्यावर, देवळाच्या पायरीवर बाळ ठेवायची वेळ कुणावर येऊ नये. १०९८ हा फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो. बाल कल्याण समितीकडं बाळ सोपवणाऱ्या आईचं नाव गुप्त राहतं. तुमचा एक फोन त्या पोरीला वाचवतो आणि बाळालाही. तेच बाळ कदाचित तुमच्या गटातल्या एखादीसारख्या कुणाच्या तरी घरी पोचेल, सरळ वाटेनं.

पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.